‘येतो’ म्हणालो होतो, रॉय

रॉय, तुझ्यावर तिकडच्या पेपरात साडेतीन कॉलम आलेत. माझ्या प्रज्ञानं मोबाइलवर शोधले आणि मला वाचून दाखवले. सोबत तुझा तरुणपणीचा फोटो आहे, खांद्यापर्यंत केस आणि छातीपर्यंत उघडा शर्ट. तो बघून सुनंदा म्हणाली, “अगं बाई, हे आपले रॉयकाका? बरं झालं, आपल्याकडे येताना बटणं लावून यायचे.” तुझं बंदराचं गाव, जहाजांना वेल्डिंग करणारा बाप, तुमचा बँड, तू बसवलेली ती तीन सुरांची गत, ती ऐकून गिटार हातात घेतलेली पुढच्या दोन पिढ्यांची पोरं, गायकाशी झालेलं भांडण, सगळं सगळं आहे. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंय, ‘नंतरची बरीच वर्षं त्यांनी आखातात काढली.’ बावीस वर्षं होती ती. त्या एका ओळीत मी, सुनंदा, प्रज्ञा, हॉटेलचा तो हॉल आणि शुक्रवारची जेवणं, असे सगळे दाटीवाटीनं बसलो आहोत.

आज तिकडे सकाळी अकराला तुला मातीत ठेवणार आहेत. तेव्हा बहरीनमध्ये दुपार असेल. मी तिथं असायला हवा होतो. का नाही ते सांगायला हे लिहायला बसलो, आणि एक गोष्ट कबूलही करायची आहे. मराठीत लिहितोय, म्हणजे तुला वाचता येणार नाही. पण आता इंग्रजीत लिहिलं तरी तू कुठला वाचायला!

मराठीत लिहायचं म्हटलं आणि पहिल्याच ओळीला अडलो. इंग्रजीत बरं असतं, ‘यू’ म्हटलं की भागतं. इथं तू की तुम्ही ते आधी ठरवावं लागतं. तू माझ्या बापाच्या वयाचा. तेवढ्या वयाच्या माणसाला गावी अरेतुरे केलं असतं तर आईनं हातातलं लाटणं फेकून मारलं असतं. म्हणून आधी ‘तुम्ही’ लिहून पाहिलं. ते हॉटेलच्या मॅनेजरला रजेचा अर्ज लिहिल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी तूच बरा.

पहिल्या दिवशी माझ्या, म्हणजे हॉटेलच्या साउंडवाल्याच्या, ड्युटीच्या कागदावर नुसतं लिहिलं होतं, ‘मिस्टर रॉय, सहा वाजता, साउंड.’ मी म्हटलं, चला, बंगाली बाबू आले. तू गिटारची पेटी घेऊन दारात उभा राहिलास, गोरापान, वाकलेला, आणि मी सवयीनं विचारून बसलो, “दादा, कोलकाता से?” तू शांतपणे म्हणालास, “नाही. तिथून जरा वर.” पुढं पंधरा दिवस मला तू कोण ते माहीत नव्हतं. मी नांदेडकडचा माणूस. माझा बाप ढोलकी वाजवायचा, जयंतीला आमच्या वस्तीत त्याची गायन पार्टी असायची, मी माइकच्या वायरी गुंडाळत मोठा झालो. मला भीमगीतं माहीत, सिनेमाची गाणी माहीत. तुमचं ते रॉक म्हणजे माझ्या लेखी मिक्सरवरचे सगळे लाल दिवे पेटवणारा प्रकार. नंतर तू मला सांगितलंस, गेल्या कित्येक वर्षांत त्या गायकाबद्दल न विचारणारा मी पहिला माणूस, म्हणून तुला आवडलो. अज्ञानाचाही असा उपयोग होतो.

तीन महिन्यांच्या करारावर आला होतास, तो पुढं वाढतच गेला. तुझ्या गतीवर दुसरी माणसं मोठी झाली होती, आणि तुला मनामाच्या हॉटेलात लोक जेवत असताना वाजवायचं होतं. मला ते कळलं तेव्हा तुझी कीव आली. तुला मात्र स्वतःची कीव आलेली मी कधी पाहिली नाही. अंडी कच्ची राहिली तर तू जास्त चिडायचास.

आपलं भांडण तालावरून असायचं. माझा बाप म्हणायचा, समेवर आला नाहीस तर घरी जा. तुझं सगळं नाव झालं ते समेनंतर येण्यावर. ढोल पडायचा, सगळे थांबायचे, आणि तू यायचाच नाहीस. माणूस पुढं झुकायचा. मग त्याला वाटायचं, विसरला बहुतेक, आणि तेवढ्यात तुझी गिटार यायची. मी म्हणायचो, “हे चुकणंच आहे, फक्त इंग्रज करतो म्हणून त्याला स्टाइल म्हणायचं.” माझ्या रवीचं रॅव्ही करून तू म्हणायचास, “रॅव्ही, वाट बघायला लाव. पण ये. आलाच नाहीस तर ती चूक.” एकदा तुला आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला नेलं होतं. ऑफिसात काम करणारे, टेक्निशियन, सगळे आमचे लोक, बायका पांढऱ्या साड्यांत. तू तिथं ढोलकीवाल्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलास आणि शेवटच्या गाण्याला मागून येऊन मिळालास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा बाप तिथं असता तर तुला घरी पाठवला असता, पण जेवायला घालून.

आता ते कबूल करायचं.

मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याच्या पायाशी ठेवलेला स्पीकर. त्यातून त्याला स्वतःचं ऐकू येतं. हॉलमधल्या लोकांचे स्पीकर वेगळे. तुझे कान तरुणपणीच फुटले होते, तूच सांगायचास, डाव्या कानात कायम किटली उकळते म्हणून. तू आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, “पाहुण्यांना चमच्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. त्याला कमी कर, आणि त्याला कळू देऊ नकोस.” सुनंदा तेव्हा गरोदर होती, माझा व्हिसा हॉटेलच्या हातात होता. मी मॉनिटरमध्ये तुझा आवाज वाढवला आणि हॉलमध्ये जवळजवळ बंद केला. तुला वाटायचं तू हॉल हलवतोयस. हॉलमध्ये लोक एकमेकांना मीठ मागत होते. रॉय, हे एक-दोन दिवस नाही. तू तिथं वाजवलंस तेवढी सगळी वर्षं. ज्याच्या आवाजावर पोरांनी जन्म काढले त्याचा आवाज मी रोज संध्याकाळी दोन बोटांनी खाली ओढायचो, आणि कार्यक्रम संपला की तू मला विचारायचास, “कसं झालं?” मी म्हणायचो, “फर्स्ट क्लास.”

हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगायला वेळ नव्हता असं नाही. प्रज्ञा सात वर्षांची झाली, तू दर शुक्रवारी ईसा टाउनच्या आमच्या फ्लॅटवर येऊन तिला गिटार शिकवायला लागलास. इतके शुक्रवार गेले. प्रत्येक वेळी वाटायचं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर तू पेंगायला लागायचास.

आणि त्या शुक्रवारांतलाच तो एक. तुला तोवर चार मराठी शब्द येत होते : नको, बस, तिखट आणि पाणी, बहुतेक याच क्रमानं. त्या दिवशी दारात बूट घालताना तू मोठ्या अभिमानानं पाचवा काढलास. “सुनंदा,” म्हणालास, “जातो.”

सुनंदा हातातलं पातेलं तसंच ठेवून बाहेर आली. “असं अभद्र बोलू नये! येतो म्हणा, येतो.”

तू माझ्याकडे बघितलंस. मी सांगितलं की आमच्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. जाणारा माणूसही ‘येतो’ म्हणूनच जातो.

“पण मी तर जातोय.”

“हो.”

“आणि म्हणायचं येतो. म्हणजे ते वचन झालं?”

“छे, वचन कसलं! नुसती बोलायची पद्धत,” मी म्हणालो. तुला पटावं म्हणून आमच्या एसीवाल्याचं उदाहरणही दिलं. तो नेहमी म्हणतो, “कल आएगा, इंशाल्ला,” आणि आपण काय समजायचं ते समजतो.

सुनंदानं आतून ऐकलं. “पद्धत कसली? माणूस परत यावा म्हणून म्हणतात. यांना काही विचारू नका, रॉयकाका.”

प्रज्ञानं सोफ्यावर गिटार घेऊन खिदळत ते तुला इंग्रजीत सांगितलं. तू एका पायात बूट घालून उभा राहिलास आणि म्हणालास, “मी सुनंदाच्या बाजूनं. शब्द म्हटला की तो म्हटला.” मग वाकून “येतो” म्हणालास, आणि पुढच्या शुक्रवारी आलास. त्यानंतर तू ‘येतो’ म्हणालास आणि आला नाहीस असं एकदाही झालं नाही. एकदा ताप अंगात घेऊन आलास, सुनंदाची बोलणी खाल्लीस, आल्याचा चहा पिऊन परत गेलास. आपला तो वाद मात्र तसाच राहिला. मी म्हणायचो पद्धत, तू म्हणायचास वचन.

यंदा मोटारींच्या रेसच्या आठवड्यात तुझ्या फुप्फुसात पाणी झालं. सखीरला सर्किटवर वीकएंडला मोठी कॉन्सर्ट होती, हॉटेल सोडून मी आता ज्या कंपनीत आहे तिच्याकडे साउंड, सगळ्यांच्या रजा रद्द. मी दुपारी अर्धा तास काढून हॉस्पिटलला आलो. तू खिडकीकडच्या खाटेवर होतास, हाताला नळ्या. मला बघून ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलास. तिथं कोण वाजवणार आहे ते विचारलंस. मी नाव सांगितलं. “तो पोरगा माझ्यामागं उभा राहून शिकलाय,” म्हणालास. “आता तो तिथं आणि मी इथं. बरंच आहे, तिथं फार आवाज असतो.” हसायला गेलास आणि ढास लागली. मग माझं मनगट धरलंस.

“रॅव्ही, एक गोष्ट आहे.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुपरवायझर ओरडत होता, “यल्ला रवी, किधर है? स्पीकर का पूरा स्टॅक खडा है, लाइन चेक कौन करेगा?” मी फोन कानाला लावूनच उठलो. तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “येतो.”

तू मान हलवलीस. मास्क परत लावलास.

संध्याकाळी सहाला मोकळा झालो. मनामाकडे गाडी वळवली असती तर आलो असतो. कुणी अडवलं नव्हतं. पायात गोळे आले होते, अंगावर धूळ होती, आणि मला वाटलं, उद्या सकाळी निवांत जाऊ, त्याची ती एक गोष्ट नीट ऐकू. घरी आलो. आंघोळ केली. जेवलो. दुसऱ्यांदा भातही घेतला, हे मला अजून आठवतं आणि त्याची लाज वाटते.

सकाळी दहाला पोचलो तेव्हा खाटेवर नवी चादर होती. ती मल्याळी सिस्टर, तुला सक्तीनं लापशी भरवणारी, मला बघून जवळ आली. मग म्हणाली, “भैया, अंकल बहुत पूछता था. शाम को मैं पर्दा लगाने गयी तो नहीं लगाने दिया. बोला, खुला रखो, रवी आ रहा है. मैंने बोला, अंकल, विजिटिंग टाइम खलास. बोला, नहीं, उसने बोला है.”

उसने बोला है.

मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. तुला शिकवलेला शब्द होता तो. मी पद्धत म्हणून सोडून आलो आणि तू वचन म्हणून धरून बसलास. की तुलाही ठाऊक होतं, आणि नुसती त्या सिस्टरची गंमत करत होतास? तू तसाही होतास. मी रोज हे दोन्ही बाजूंनी मांडून बघतो. एकाही बाजूनं ते सुटत नाही, आणि आता विचारायचं कुणाला?

घरी येऊन सुनंदाला सांगत होतो. प्रज्ञा दारात उभी राहून ऐकत होती. ही आमची पोर, सगळं मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. म्हणाली, “बाबा, यू ऑल्वेज से येतो. व्हेन आय वॉज स्मॉल, आय यूज्ड टु वेट बाय द डोअर.” सुनंदा म्हणाली, “अगं, मी तुला सांगायची ना, बाबा संध्याकाळी येणार म्हणून?” प्रज्ञा म्हणाली, “ही नेव्हर सेड संध्याकाळी.” आणि तुझी गिटार शिकलेली माझी मुलगी आत निघून गेली. घरात दोन माणसं माझ्या एका शब्दावर इतकी वर्षं वाट बघत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तिसऱ्या दिवशी तुझी लेक हेलन आली. तुझ्यासारखीच वाकून चालते. कागदपत्रांसाठी मी तिच्याबरोबर फिरलो, म्हणजे गाडी चालवली. आत सगळीकडे तीच जायची, कारण प्रत्येक खिडकीवर मला विचारायचे, तुम्ही त्यांचे कोण? मी म्हणायचो, साउंड. दुसरं काय सांगणार होतो!

तिला आमच्याकडे जेवायला आणलं. सुनंदानं तुला आवडायचं तसं पिठलं केलं, तिखट कमी. जेवताना मला राहवलं नाही. तुला सांगायचं होतं ते मी तुझ्या लेकीला सांगून टाकलं, मॅनेजर, मॉनिटर, ती दोन बोटं, सगळं. मान खाली घालून सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी घेऊन.

“बाबांना माहीत होतं,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षीच त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. ब्रेकमध्ये ते हॉलच्या मागं गेले होते, त्या वेळी त्यांची गिटार स्टेजवर कुणीतरी पोरगा उगाच छेडत होता आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. म्हणाले, इथं मला कुणीच ऐकत नाही, हेलन, फार बरं वाटतं. आणि म्हणाले, तो साउंडवाला बिचारा रोज ‘फर्स्ट क्लास’ म्हणतो. त्याला बरं वाटावं म्हणून मी रोज विचारतो.”

रॉय, तुला माहीत होतं. इतके शुक्रवार माझ्या ताटात जेवलास आणि बोलला नाहीस. मी तुझ्यावर रागावू की तुझे पाय धरू? आधी मला हायसं वाटलं. सुनंदानं लगेच माझ्या पाठीवर हात ठेवला. पण हेलन गेल्यावर भांडी विसळताना डोक्यात आलं आणि हात थांबले. मी त्या दिवसापासून समजत होतो की तुझी ‘एक गोष्ट’ म्हणजे हीच. तुला कळलंय, आणि तुला जाब विचारायचाय. ते तर नव्हतंच. ते तू केव्हाच सोडून दिलं होतंस. मग कुठली गोष्ट होती ती? गिटारची होती? प्रज्ञाची? त्या गायकाची, की नुसतं लापशी बदलायला सांगायचं होतं? आता ते कुणालाच माहीत नाही. अर्धं मिनिट लागलं असतं. फोनवर “दो मिनट” म्हणायचं, एवढंच करायचं होतं.

विमानतळाच्या कार्गोच्या बाजूला पेटी आत नेण्याआधी हेलननं विचारलं, “तुम्हाला काही बोलायचंय?” मी रात्रभर इंग्रजीत चार वाक्यं जुळवली होती. पेटीवर हात ठेवला आणि तोंडातून निघालं ते एवढंच, “येतो, रॉय.”

सवयीनं निघालं. हेलननं विचारलं त्याचा अर्थ काय. आता हिलाही मी ‘पद्धत’ म्हणून सांगू? मी म्हणालो, “आय एम कमिंग.” तिचा चेहरा उजळला. “खरंच? याल तुम्ही? दफनाला अजून बारा दिवस आहेत. बाबांना फार आवडलं असतं.” आणि मला पहिल्यांदा त्या शब्दाचं ओझं हाताला लागलं. मी म्हणालो, येतो. या खेपेला म्हटला तो म्हटला.

दुसऱ्या दिवशी बाब अल बहरीनजवळ हमीदभाईंच्या ऑफिसात गेलो. ते रत्नागिरीचे, व्हिसाचे फॉर्म भरून देतात. कंपनीनं रजा दिली, तिकिटाचंही जमवलं. फॉर्ममध्ये विचारलं होतं, तिकडे कोणाकडे जाता, त्याच्याशी तुमचं नातं काय. हमीदभाई म्हणाले, “फ्रेंड लिवलं तर शंभर सवाल करतील. रिलेटिव नाय ना?” मी म्हटलं, नाही. “मंग फ्रेंडच लिवतो. पन रवीभाऊ, तीन हप्ते लागतात. तुमच्याकडे बारा दिवस. मी इंशाल्ला म्हनतो, पन तुमी काय ते समजा.” मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “मयताला व्हिसा लागत नाय, भाऊ. जित्याला लागतो.”

रोज ईमेल बघितला. आज सकाळीही बघितला. हेलनला कळवलं, तिनं समजून घेतलं. समजून घेणारी माणसंच मला भेटत आलीत, त्याचं काय करू ते कळत नाही.

घड्याळ बघतोय. तिकडे अकरा वाजत आलेत. प्रज्ञानं कॉलेजला दांडी मारलीय, आतल्या खोलीत ती तुझी तीन सुरांची गत वाजवतेय, तू शिकवलीस तशी, थांबून, उशिरा. मी दर वेळी श्वास धरतो आणि ती दर वेळी येते. सुनंदानं तुझं ताट वाढून ठेवलंय. तिला म्हटलं आपल्यात हे करत नाहीत, ती म्हणाली, करत नसले तरी आज करते.

रॉय, मला खरंच यायचं होतं. शपथेवर सांगतो, या वेळी ती पद्धत नव्हती. वाद तू जिंकलास. पण मला येता येत नाही. त्या सिस्टरला सांग, रवी आज येत नाही. पडदा लावून घे, आणि वाट बघू नकोस.